रकाना अकरा

नूतनीकरणाचा अर्ज भरायला बसलोय
सात रस्त्याजवळ, झेरॉक्सच्या दुकानात, पंख्याखाली.
एप्रिल. बाहेर डांबराला चप्पल चिकटतेय.
ऐपत दाखला जोडला. तहसीलदारांच्या सहीनं
माझी ऐपत आता ठरलेली आहे.
पॅन, जीएसटी, मागच्या तीन कामांचे पूर्णत्वाचे दाखले.
त्यात होटगी रोडच्या शाळेची भिंत.
ती अजून उभी आहे, हे कुठं लिहायचं नसतं.

रकाना अकरा: कामगारांची संख्या.

मागच्या खेपेला इथंच
येमूल एजंट शेजारी बसला होता, तोंडात बडीशेप.
"माणसामागं हप्ता हाय, मालक.
सात कशाला लिवताव? पाच लिवा की ओ."
मी पाच लिहिलं.
पेनाला काही जड गेलं नाही.
वाचलेल्या पैशांत सिमेंटची पोती आली,
ती कुठल्या खांबात गेली तेही मला माहीत आहे.

तपासणीला साहेब आले त्या दिवशी
दोघांना चहाला पाठवलं.
जाताना भीमशा हसला,
"मालक, आज आमी न्हाईच का?"
"आज न्हाई," म्हणालो.
कोपऱ्यावरच्या टपरीवर तासभर ते दोघं नव्हते,
आणि दोन-दोन कप चहा प्याले.
पैसे मीच दिले.

विडी घरकुलात, दुसऱ्या मजल्याचा सज्जा.
परांचीची सुतळी उन्हानं कुजलेली.
पडताना माणूस यादी बघत नाही.
भीमशा पडला.

सिव्हिलच्या आवारात येमूल हळू आवाजात म्हणाला,
"यादीत गुरुनाथ हाय. तोच पडला म्हणू.
हाडावर कुठं नाव असतंय?"
आणि खरा गुरुनाथ, तिथंच उभा,
कोपरापर्यंत ओला गिलावा,
लगेच म्हणाला, "पडतो की मी. त्यात काय."
कुणी दोन विटा उचलून दे म्हणावं
इतक्या सहज.

भीमशाची बायको शांतव्वा. मराठी कमी.
तिनं कन्नडात एवढंच विचारलं,
मग बरा झाल्यावर हा
कुणाच्या नावानं घरी येणार?

मिक्सर विकला. मग गाडी.
चांगुलपणा नव्हता तो.
मला उत्तर आलं नाही, एवढंच.

आता भीमशाच्या मांडीत सळई आहे.
"आरसीसी झालो," असं तोच सांगतो सगळ्यांना.
साइटवर हजेरी लिहितो, पाण्याची मोटर बघतो.
आज माझ्याबरोबर आलाय, फाइल छातीशी धरून.
"किती लिवताव?"
"सात."
तो बोटांवर मोजतो. जुने पाच, नवे दोन.
थांबतो. मग अंगठा मोडतो.
"आठ."
"तू कुठं वर चढतोस आता?"
"चढत न्हाई. खाली बसतो की.
खालच्याच्याच डोक्यात पडतंय, मालक."

आठ लिहिलं.
येमूल फोनवर हप्त्याचा नवा आकडा सांगतो,
दोनदा सांगतो, मला ऐकू आलं नसेल म्हणून.

भीमशाची बोटं अजून चालूच.
"आन काल स्लॅबवर सळई धराया कोण गेलतं?
तुमीच न्हाय का?"

मालकाचा रकाना वेगळा असतो.
तिथं सही करतात, मोजत नाहीत.
नऊ लिहिलं तर साहेब अर्ज परत पाठवतील,
हे मला माहीत आहे, येमूललाही.
शिवाय तळाशी बारीक अक्षरात:
खाडाखोड केल्यास अर्ज बाद.
आठाचा नऊ काही केल्या होत नाही.

नवा कोरा अर्ज वीस रुपये, झेरॉक्सवाला म्हणतो,
आणि माझा हात खिशात जाण्याआधी
भीमशानं काउंटरवर नोट ठेवलेली असते,
घामानं ओली, चार घड्यांची.
"ऱ्हाऊ द्या की ओ," म्हणतो.
"तेवढी ऐपत हाय."